कालचं पाणी

फोनवर तेजस्वीचा आवाज इतका बारीक येत होता, की श्रुतीला आधी वाटलं रेंजच नाही. मग कळलं, बाई तोंडाशी पदर धरून बोलतेय.

"ताई, हिरीला हिरवं पाणी आलंय. हिरवंगार. लोकं लई तापल्यात. म्हणत्यात, काल युनिव्हर्सिटीची माणसं येऊन कायतरी टाकून गेल्यात. तुमी इकडं येऊ नगासा."

श्रुती कांबळे विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत हातमोजे घालून उभी होती. जमिनीखालचं पाणी कुठून कुठं जातं, हा तिच्या पीएचडीचा विषय. दुसरा कोणी असता तर आनंदानं उडीच मारली असती. आदल्या दिवशी खणीत टाकलेला रंग एका रात्रीत विहिरीत उगवतो म्हणजे काय! पण श्रुतीला दुसरीच चिंता पडली.

"तेजस्वी, तुम्ही प्यायलात का ते?"

"छ्या! हिरवं कोण पितंय? घागरीत कालचं हाय भरलेलं, निवळ. त्येच पितो मी. सासूबाईंनी माझ्यासाठी येगळं ठेवलंय."

"नाही, नाही, ऐका माझं, कालचं पण—"

पलीकडं कुणीतरी ओरडलं आणि फोन कट झाला. श्रुतीनं परत लावला. वाजून वाजून बंद पडला. पुन्हा लावला तर स्विच ऑफ.

आता ही खण काय आणि तो रंग काय, ते सांगायला पाहिजे. उचगावच्या पुढं माळाच्या उतारावर चिंचमळा नावाची वस्ती आहे. तिच्या डोक्यावर एक जुनी दगडाची खण. दगड काढून संपला, खड्डा राहिला, आणि त्या खड्ड्यात शहरातल्या अपार्टमेंटच्या संडासाच्या टाक्या उपसून आणणारे टँकर रिकामे व्हायला लागले. सगळ्यांना माहीत, कुणी बोलत नाही. आता हा मैला जमिनीत मुरतो का, आणि मुरला तर जातो कुठं, हे श्रुतीला शोधायचं होतं. त्यासाठी तो रंग. नारिंगी भुकटी असते, पाण्यात पडली की पोपटी हिरवी होते. खणीत टाकायची आणि खालच्या ओढ्याला रोज पाणी तपासत बसायचं. तिच्या सरांनी हिशेब केला होता. दगड पक्का आहे, रंग खाली आलाच तर काही महिन्यांनी येईल, तोही इतका फिका की डोळ्यांना दिसणार नाही, यंत्रालाच कळेल. म्हणून यंत्राला तरी सापडावा एवढा रंग चांगला सढळ हातानं टाकला. सरपंचांची परवानगी घेतली, फोटो काढले, सह्या झाल्या. आणि विहिरीवर पाणी भरणाऱ्या एकाही बाईला कुणी काही सांगितलं नाही. सांगायचं कशाला? दिसणारच नव्हतं ना! शिकलेल्या माणसांची अशी गंमत असते बघा.

दिसला. एका रात्रीत दिसला. म्हणजे दगड पक्का नव्हता, फुटलेला होता. खण आणि विहीर यांच्यामध्ये जमीन नव्हतीच म्हणा, सरळ पाइप होता.

तिनं सरांना फोन लावला. सर पुण्याला परिषदेत होते.

"काय सांगतेस! एका रात्रीत?" सरांचा आनंद फोनमधून उतू चालला होता. "श्रुती, सॅम्पल घे. बाटल्या भर. लोक चिडले असतील तर सांग, रंग निरुपद्रवी आहे. डोळ्यांचे डॉक्टर पेशंटला देतात तो."

"सर, रंगाचं नाही मी म्हणत. ते लोक ती विहीर पितात. आणि तिथं एक बाई आहे, दिवस भरत आलेली—"

सरांचा आवाज उतरला. माणूस वाईट नव्हता. "हे बघ, जंतूंचा रिपोर्ट आल्याशिवाय पाणी खराब आहे असं आपण म्हणू शकत नाही. आणि एकटी जाऊ नकोस. मी उद्या येतो, मग जाऊ."

उद्या! श्रुतीनं हातमोजे काढून टेबलावर टाकले, कालची पिशवी खांद्याला अडकवली आणि खाली पळत सुटली.

विभागाची जीप आकाराम चालवायचा. वय पन्नाशीचं, तोंड बारा महिने सुरू. "म्याडम, मी सांगू का? जायाचं न्हाय. आपली गाडी वळकत्यात त्ये. काचा फोडतील, मग मला सायेब इचारणार."

"आकारामदादा, तुम्ही नाही आलात तर मी रिक्षानं जाते."

"हात्तिच्या! मग बसा की," म्हणून त्यानं स्टार्टर मारला.

गाडी उचगावच्या रस्त्याला लागली. श्रुतीला कालची दुपार आठवत होती.

काल खणीतलं काम आटोपून सगळे उन्हातनं खाली आले, तेव्हा वस्तीतल्या धोंडुबाईनं हाक मारली होती. "आवं पावणं, उन्हाचं कुठं निघालासा? पाणी पिऊन जावा." पितळेचा घासलेला तांब्या आणि वाटीत गुळाचा खडा. श्रुतीच्या पिशवीत घरून उकळून आणलेली बाटली होती. पण तिनं तांब्या घेतला. तिच्या पणजीला असल्या दारात ओंजळ पुढं करून लांब उभं राहावं लागायचं, वरून कुणी ओतलं तर पाणी. ती गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. आणि इथं ही म्हातारी आडनाव ऐकूनसुद्धा तांब्या हातात देते, पोरी, बस, म्हणते. त्या पाण्याला नाही म्हणायचं? श्रुतीनं तळ दिसेपर्यंत प्यायलं होतं. गोड लागलं होतं, खोटं कशाला बोला.

"आमच्या हिरीचं पाणीच गोड," धोंडुबाई म्हणाली होती. "नळ आलाय दारात, पन त्येला औषदाचा वास येतोय. ह्या पोरीला मी नळाचं पाजत न्हाय. पोटातल्या जिवाला त्यो वास कशाला? हिरीचंच देतो, सकाळ-सांज ताजं." पोरगी म्हणजे तिची सून, तेजस्वी. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी, पण तेजस्वीला आई नव्हती. "मग मीच हिची आई," धोंडुबाई म्हणाली, आणि सुनेच्या पाठीवरून हात फिरवला. अशी सासू शोधून सापडायची नाही.

तेजस्वी काल गुळाचा खडासुद्धा खाईना. अन्नाचा वास नको वाटतो म्हणाली. हाताचे तळवे सारखे खाजवत होती. डोळे पिवळट दिसत होते, पण स्वयंपाकघरात पिवळा दिवा लावलेला, श्रुतीला वाटलं त्याचाच उजेड. आणि बोलता बोलता धोंडुबाईनं सांगितलं होतं, की वस्तीत दोन-तीन जणांना कावीळ होऊन गेली, उष्णतेनं, गळ्यात झाडपाल्याची माळ घातली आणि उतरली.

काल हे सगळं ऐकून श्रुतीनं मान डोलावली होती. आज जीपमध्ये बसल्यावर एकेक गोष्ट तिला उलगडायला लागली. मैल्याच्या पाण्यातून येणारी कावीळ इतरांना येते आणि जाते. पण दिवस भरत आलेल्या बाईला झाली तर बाई आणि बाळ दोघंही हातची जाऊ शकतात, हे तिनं वाचलं होतं. परीक्षेसाठी वाचलं होतं.

"दादा, जरा जोरात घ्या ना."

"ह्यापरीस जोरात गेली तर चाक निखळंल, म्याडम."

वस्तीच्या तोंडाशीच माणसं रस्त्यात आडवी उभी होती. आकारामनं ब्रेक दाबला आणि काच वर घेतली, पण उशीर झाला होता. एका दांडग्या पोरानं दार उघडून हात आत घातला आणि गाडीची किल्लीच काढून घेतली. तो यशराज, धोंडुबाईचा मुलगा, तेजस्वीचा नवरा. काल हाच खांद्यावर सामान घेऊन त्यांना खणीवर घेऊन गेला होता. कारण खण त्याच्याइतकी कुणाला माहीत नव्हती. मैला उपसायचा एक टँकर त्याचाच होता. "म्याडम, खण पक्क्या दगडाची हाय," काल तो छाती ठोकून बोलला होता. "थेंबभर खाली जात न्हाय. म्या चार वर्सं वतायला लागलोय, काय झालं का कुणाला?"

"उतरा खाली!" आज तो गरजला. "काल घरात पाणी प्यायलासा आमच्या, आनि हिरीत इख घातलासा व्हय! खणीतलं तर खाली येत न्हाय, मग जाता जाता हिरीतच टाकलासा की!"

"यशराज, तेजस्वी कुठं आहे? आधी मला तिच्याशी—"

"तिचं नाव काडायचं न्हाय! तिनं सकाळी त्ये हिरवं पाणी बगितलं, तवापास्नं उलट्या करतीया. माज्या बायकूला काय झालं तर इथनं जित्ती जानार न्हाय तुमी!"

गर्दी विहिरीकडं सरकली आणि श्रुतीला ढकलत घेऊन गेली. आकाराम मागून "आवं, बाईमाणूस हाय, हात लावू नगासा" म्हणून ओरडत होता, त्याचं कोण ऐकतंय? श्रुतीनं विहिरीत डोकावलं. उन्हात पाणी पोपटी चमकत होतं. असला गडद रंग तिनं प्रयोगशाळेतसुद्धा पाहिला नव्हता. तिच्या मनात आलं, रंग एवढा आलाय तर त्याच्याबरोबर काय काय आलं असेल!

"हा रंग विषारी नाही," ती म्हणाली. "डोळ्यांचे डॉक्टर वापरतात हा. पाणी कुठून कुठं जातं ते कळायला."

"इषारी न्हाय म्हनं!" मागून एक बाई कडाडली. "मग पिऊन दावा की!"

"व्हय, पिऊन दावा!"

"पाजा तिला!"

यशराजनं पोहरा विहिरीत सोडला, ओढला, आणि तांब्या भरून तिच्यापुढं धरला. तोच कालचा पितळी तांब्या. आत हिरवं पाणी हिंदकळत होतं.

"घ्या," तो म्हणाला. "इख न्हाय ना? घ्या मग."

श्रुतीनं तांब्या घेतला. पाणी सांडून मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. लोक तिच्या तोंडाकडं बघत होते, आणि तिला एका क्षणात लख्ख कळलं की आपण कसल्या चरकात सापडलोय.

पाणी पिऊन टाकलं तर सुटका होती. लोक हसतील, किल्ली देतील, कदाचित चहासुद्धा पाजतील. आणि मग सगळे म्हणतील, बाईनं पिऊन दाखवलं, पाणी चांगलं आहे. दोन दिवसांत रंग उतरेल, पोहरा पुन्हा विहिरीत जाईल, आणि तेजस्वी तेच पाणी पीत राहील. नाही प्यायलं, तर रंगात विष आहे हे पक्कं. मग कालचं बिनरंगाचं पाणी अमृत, तेजस्वी तेच घागरीतलं पीत राहणार. इकडून काय नि तिकडून काय, पाणी त्या पोरीच्याच पोटात. आणि इथली माणसं आपल्याला सोडणार नाहीत ते वेगळंच.

ती घाबरली होती. इतकी, की रडू फुटायच्या बेतात होतं. आईची आठवण आली. प्यावं आणि मोकळं व्हावं, असं वाटलं, अगदी खरंच वाटलं. तांब्या तोंडाजवळ नेलाही तिनं.

तेवढ्यात गर्दीच्या मागं, घराच्या उंबऱ्यावर, तेजस्वी दिसली. दाराची चौकट धरून उभी होती. ऊन थेट तिच्या तोंडावर पडलं होतं, आणि डोळे पिवळेधमक होते. दिवा नव्हता तिथं कुठला.

श्रुतीनं तांब्या कट्ट्यावर ठेवला.

"बगा! बगा! न्हाय पीत!" एकच गलका झाला. कुणीतरी तिचा दंड धरला.

"थांबा! दाखवते पिऊन! सोडा मला, पिशवी उघडू द्या!"

तिनं पिशवीतून घरची बाटली काढली, निम्मी भरलेली. मग कालच्या रंगाची उरलेली पुडी काढली. चिमूटभर नारिंगी भुकटी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बाटलीत टाकली, झाकण लावून हलवली. पाणी विहिरीपेक्षाही हिरवं झालं. बायका एक पाऊल मागं सरल्या.

"हे माझ्या घरचं पाणी. आणि हा तो रंग."

आणि तिनं बाटली तोंडाला लावली. घटाघटा प्यायली, शेवटपर्यंत. हनुवटीवरून हिरवा ओघळ ड्रेसवर उतरला. तिनं रिकामी बाटली उलटी करून दाखवली.

"आता सांगा, रंगात विष आहे?"

तिनं कट्ट्यावरच्या तांब्याकडं बोट केलं.

"पण हा तांब्या मी पिणार नाही. मला मारलंत तरी पिणार नाही. काल प्यायले मी, धोंडुबाईंनी मायेनं दिलं म्हणून प्यायले, आणि काल मला माहीत नव्हतं. रंग मी विहिरीत नाही टाकला. वर खणीत टाकला काल दुपारी. यशराज होते माझ्याबरोबर, विचारा त्यांना. खणीत टाकलेला रंग सकाळी तुमच्या पोहऱ्यात आला. मग खणीत दुसरं जे काय पडतंय, ते कुठं येत असेल?"

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं तोंडाला पदर लावला आणि बाजूला जाऊन ओकली.

यशराज मात्र हलला नाही. जिथं होता तिथंच उभा होता, हातात जीपची किल्ली. रागानं लाल झालेलं तोंड पांढरं पडत गेलं. त्यानं वर माळाकडं बघितलं, खणीकडं. मग विहिरीकडं. मग दारात उभ्या बायकोकडं.

"पक्क्या दगडाची हाय ओ खण," तो म्हणाला. पण आता तो सांगत नव्हता, विचारत होता.

"नाही हो, दादा."

"चार वर्सं..." तो म्हणाला आणि पुढचं त्याला बोलवेना.

श्रुती त्याच्या जवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "तेजस्वीचे डोळे बघा. कावीळ आहे ती. तिच्यासारखीला ही कावीळ फार वाईट. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्यायला पाहिजे. माळबीळ नको. चला."

यशराज पळाला. गर्दी दोन्ही बाजूंना फाकली. त्यानं बायकोला हाताला धरून आणलं, अर्धी उचलूनच आणली म्हणा, आणि जीपच्या मागच्या सीटवर बसवलं. किल्ली आकारामच्या हातात कोंबली. स्वतः पुढच्या सीटवर बसला. श्रुती तेजस्वीच्या शेजारी बसली. तेजस्वीचा हात तापला होता, आणि ती श्रुतीचा हात सोडायला तयार नव्हती.

"ताई, बाळ हलतंय की," ती म्हणाली. "सकाळपास्नं हलतंय. काय हुईत न्हाय न्हवं?"

"दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर बघतील," श्रुती म्हणाली. यापेक्षा जास्त धीर द्यायची तिची हिंमत झाली नाही.

गाडी सुरू झाली तशी धोंडुबाई घरातून धावत आली. पायात चप्पल नाही, डोक्यावरचा पदर पडलेला. इतका वेळ आतच होती ती, सुनेच्या उलट्या निस्तरत. बाहेर काय बोलणं झालं, ते तिच्या कानावर गेलंच नव्हतं. तिच्या हातात प्लॅस्टिकची बाटली होती, भरलेली.

"आरं थांबा, थांबा! पोरगी तान्हेली हाय, सारखी घसा सुकतोय म्हणतीया." तिनं खिडकीतनं बाटली आत दिली. "घे गं बाळ. हिरवं न्हाय त्ये, घाबरू नगंस. कालचं हाय, घागरीतलं. बघ, कसं निवळशंख हाय."

तेजस्वीनं बाटली घेतली, झाकण उघडलं आणि तोंडाला लावायला गेली. श्रुती ओरडणार तोच पुढच्या सीटवरून यशराजचा हात आला आणि त्यानं बाटली हिसकावली. निम्मं पाणी तेजस्वीच्या साडीवर सांडलं. उरलेलं त्यानं खिडकीतून रस्त्यावर ओतलं आणि बाटली फेकून दिली.

"आरं मुडद्या, ओतलंस व्हय!" धोंडुबाई कळवळली. "कालचं हाय की त्ये! चांगलं हाय! माज्या हातानं भरून ठेवलंय!"

"आई," यशराज म्हणाला. सकाळपासून वस्ती दणाणून सोडणारा त्याचा आवाज आता जेमतेम ऐकू येत होता. "कालचंबी तसलंच हुतं गं. परवाचंबी. म्याच आनून वतलंय."

धोंडुबाईला काही कळलं नाही. ती एकदा मुलाकडं आणि एकदा रस्त्यावरच्या ओल्या मातीकडं बघत उभी राहिली. आकारामनं गाडी वळवली. आरशात ती बारीक होत गेली, अजून तशीच उभी होती.

गाडी हायवेला लागली. श्रुतीच्या जिभेवर रंगाची कडवट चव होती, आणि तिला राहून राहून कालच्या गुळाची आठवण येत होती. तेजस्वी ओल्या साडीचा घोळ मुठीत धरून बसली होती. बराच वेळ तिनं त्या घोळाकडं बघितलं. मग वास घेतला. पाण्याला कसलाच वास नव्हता.

"ताई," तिनं विचारलं, "मग इतकं दिस मी बाळाला काय पाजत हुतो?"

यशराजनं पुढच्या सीटवर दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. श्रुतीनं तिचा हात आणखी घट्ट धरला आणि आकारामला म्हणाली, "दादा, हॉर्न वाजवत चला, थांबू नका कुठं."